कोचचं घर

ते घर माझ्या नावावर आहे,
पण पोस्टमनसुद्धा त्याला कोचचं घर म्हणतो.
दोन खोल्या, मागे पट्टाभर जमीन,
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून
शाळेच्या मैदानाचे दिवे. चार खांब.
त्यातला एक कित्येक वर्षं मिचमिचतोय.

बर्डेट श्राग माझ्या घरात कधीच राहिला नाही.
त्याचं स्वतःचं होतं, चर्चच्या मागे, एकतीस वर्षं.
आधी त्यानं बापांना शिकवलं, मग त्यांच्या पोरांना.
एखाद्याच्या हातून चेंडू निसटला की म्हणायचा,
'तुझ्या बापाचेही हात लोण्याचेच होते.'
तेव्हा लोक हारजीत मोजत नव्हते असं नाही.
मोजायचे, शिव्याही द्यायचे,
आणि रविवारी त्याच्याच बाकावर येऊन बसायचे.

तो निवृत्त झाला आणि मला भाडेकरू मिळू लागले.

पहिला दोन वर्षं.
दुसरा अकरा महिने; त्याच्या बाळाच्या पाळण्याचं खोकं
जसं आलं तसंच, चिकटपट्टीसकट, परत ट्रकमध्ये चढलं.
तिसऱ्याचं नाव आठवत नाही.
त्यानं माझ्या फ्रिजच्या दारावर डाव आखले होते,
फुल्या, गोळे, मधून वळणारे बाण,
न पुसणाऱ्या शाईनं.
एक बाण अजून आहे. फ्रिजवरून निघून
थेट मागच्या दाराकडे जातो.

चौथा म्हणजे डेन्टन हॉक.
ऑक्टोबरात ओळीनं चार सामने हरला
आणि रात्रीत कुणीतरी अंगणात पाटी रोवली:
घर विकणे आहे.
मी गाऊनवर कोट चढवून गेले.
अरे गाढवांनो, घर माझं आहे!
हॉक दारात उभा, हातात मुलीचा एक बूट.
म्हणाला, 'राहू द्या मिसेस टीटर,
वाऱ्यानं पडेल.'
कॅन्ससचा वारा. पण ती पाटी पडली नाही.
मीच उपटली, नाताळच्या आधी,
तोवर त्यांचं सामान बांधून झालं होतं.

विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर, म्हणतात.
विंचवाला निदान
शाळेच्या समितीपुढे बसून सांगावं लागत नाही,
की पुढची पाच वर्षं मी इथेच असेन.
आणि समितीला कुणी विचारत नाही
की तुम्ही किती वर्षं असाल.

मग लमार प्रुइट आला.
त्याची बायको ओडेसा, उंच, दवाखान्यात रक्त काढायची.
पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं,
'मागे अ‍ॅस्परॅगस लावू?'

मी तिच्याकडे बघतच राहिले.
अ‍ॅस्परॅगस पहिल्या वर्षी कापायचा नसतो.
दुसऱ्या वर्षीही हात आवरायचा.
तिसऱ्या वर्षी थोडा, घासापुरता.
मग मात्र वीस वर्षं देतो.
माझा करार जुलै ते जून.
मी एवढंच म्हटलं, जमीन कठीण आहे,
खोल खणावं लागेल.

तिनं गुडघाभर खणलं.

पहिला हंगाम: दोन जिंकले, सात हरले.
दुसरा: तीन, सहा.
नोव्हेंबरात मी खिडकीशी बसून राही,
कुणी पाटी घेऊन येतंय का बघत.
एकदा कुणाची तरी गाडी हळू झाली.
मी दिवा लावला. गाडी गेली.

या एप्रिलात ओडेसा माझ्या दाराशी आली,
ओल्या कागदात गुंडाळलेले अकरा कोंब घेऊन.
सहा मी उभ्या उभ्याच खाल्ले, लोणी आणि मीठ लावून.
पाच उकडून वृद्धाश्रमात नेले, बर्डेटकडे.

त्यानं एक उचलला, सावकाश चावला.
'कुणाच्या बागेतला?'
'कोचच्या बायकोनं लावलाय.'
'नवीन आहेत का?'
'तिसरं वर्ष चालू आहे.'
'म्हणजे नवीनच,' तो म्हणाला,
आणि चोथट बुडखे
ताटाच्या कडेला ओळीनं लावत बसला.